चाकूवर मेड इन इंडिया लिहिणारच म्हणून धंदा सोडला, मग त्याच माणसाने गोदरेजचं कुलूप बनवलं

जळगाव असो नाहीतर धुळं, खान्देशातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारून बघा, सोनं कुठं ठेवलंय. नेमकी जागा कोण सांगणार नाही, पण ते गोदरेजात आहे एवढं हमखास कळतं.

गंमत म्हणजे ते कपाट अनेकदा गोदरेजचं नसतंच. गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याने पत्रा वाकवून, हिरवट रंग मारून ते बनवून दिलेलं असतं. तरी घरातली आजी त्याला गोदरेजच म्हणते. सोन्याच्या बाजारासाठी सुवर्णनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जळगावात एका आडनावाचा अर्थच सुरक्षित जागा असा होऊन बसलाय.

पण ज्या माणसाचं हे आडनाव, त्याने सुरुवात कपाटापासून केली नव्हती. कुलपापासूनही नाही. त्याने सुरुवात केली होती चाकूपासून. आणि तो धंदा बुडाला तो चाकू बोथट निघाला म्हणून नाही, तर त्याच्या पात्यावर काय लिहायचं यावरून.

त्या माणसाचं नाव अर्देशीर गोदरेज.

1868 साली मुंबईतल्या एका पारशी कुटुंबात अर्देशीर यांचा जन्म झाला. वडील बुर्जोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांमध्ये अर्देशीर थोरले. घरात जमीनजुमल्याचे व्यवहार चालायचे, खाऊनपिऊन सुखी कुटुंब होतं. अर्देशीर तीन वर्षांचे असताना, 1871 मध्ये, वडिलांनी घराण्याचं आडनाव बदलून गोदरेज केलं.

1890 मध्ये अर्देशीर यांचं लग्न झालं. पत्नी बचूबाई अठरा वर्षांच्या होत्या. संसाराला जेमतेम वर्ष होत होतं आणि आक्रीत घडलं.

25 एप्रिल 1891. बचूबाई नात्यातल्या एका तरुणीसोबत मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघायला गेल्या होत्या. त्या टॉवरवरून खाली कोसळून दोघींचा मृत्यू झाला. वर त्यांच्यावर हल्ला झाला होता, असा आरोप झाला. सगळ्या मुंबईत खळबळ माजली, सभा झाल्या, पेपरमध्ये रकानेच्या रकाने भरून आले, कोर्टात केस उभी राहिली. पण खुनाचा गुन्हा कोणावरच सिद्ध झाला नाही.

अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुढे आयुष्यभर दुसरं लग्न केलं नाही.

त्यानंतर त्यांनी वकिलीत लक्ष घातलं. 1894 मध्ये मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्मने त्यांना एका खटल्यासाठी थेट आफ्रिकेत झांझिबारला पाठवलं. नव्या वकिलासाठी ही मोठीच संधी होती. त्याच्या वर्षभर आधी, 1893 मध्ये, असाच एक तरुण गुजराती वकील खटल्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेला होता. ते म्हणजे गांधीजी.

झांझिबारला खटला नीट चालला होता. पण एका टप्प्यावर अर्देशीर यांच्या लक्षात आलं की आपल्या अशिलाच्या बाजूने आपल्याला असं काहीतरी मांडावं लागणार आहे जे खरं आहे याची आपल्याला खात्री नाही. त्यांनी ते मांडायला नकार दिला. सगळ्यांनी समजावून पाहिलं, पण गडी हटला नाही. केस हातातून गेली, 1895 मध्ये अर्देशीर मुंबईला परत आले आणि वकिलीचा नाद तिथंच सुटला.

आता पोटापाण्यासाठी त्यांनी एका औषध कंपनीत केमिस्टचा मदतनीस म्हणून नोकरी धरली. तिथं त्यांच्या नजरेला एक गोष्ट पडली. डॉक्टर ऑपरेशनसाठी जे चाकू, चिमटे आणि कात्र्या वापरायचे, ती सगळी हत्यारं परदेशातून यायची. ही आपल्याकडे का बनू नयेत, असा प्रश्न त्यांना पडला.

भांडवलासाठी ते वडिलांचे स्नेही असलेल्या मेरवानजी कामा यांच्याकडे गेले. कामा पारशी समाजातलं मोठं नाव, दानधर्मासाठी प्रसिद्ध. त्यांनी तीन हजार रुपये उसने दिले. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

अर्देशीर यांनी चाकू बनवले, चिमटे बनवले, कात्र्या बनवल्या. माल ज्या व्यापाऱ्याला द्यायचा होता त्याने तो तपासला. धार उत्तम, पकड उत्तम, तक्रारीला जागा नव्हती. मग मुद्दा निघाला की यावर छाप कुठला मारायचा.

अर्देशीर यांचं म्हणणं होतं, मेड इन इंडिया. व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की हिंदुस्थानात बनलेला चाकू कोणताही डॉक्टर हातात धरणार नाही, त्यामुळे छाप परदेशाचाच हवा.

इथं थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्यायला हवी, म्हणजे हे भांडण किती खोलातलं होतं ते कळेल.

त्या काळात जगभर चाकू म्हटलं की दोनच गावांची नावं निघायची. इंग्लंडचं शेफिल्ड आणि जर्मनीचं झोलिंगन. शेफिल्डच्या पात्याला मान होता. मग झोलिंगनचे काही कारखानदार आपल्या स्वस्त पात्यांवर शेफिल्डचं नाव ठोकून माल विकायला लागले. शेफिल्डवाल्यांनी आरडाओरडा केला आणि 1887 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला. परदेशी मालावर ब्रिटिश नावाचा खोटा छाप चालणार नाही, माल जिथला आहे ते लिहावं लागेल.

मेड इन जर्मनी हे शब्द त्यातून आले. लोकांनी जर्मन माल ओळखून टाळावा, हा त्यामागचा उद्देश होता. जर्मन कारखानदारांनी मालच असा सुधारला की काही वर्षांत तोच शिक्का चांगल्या दर्जाची खूण ठरला.

म्हणजे अर्देशीर मागत होते ते वेडेपणाचं नव्हतं. जे जर्मनीला जमलं ते आपल्याला जमेल, फक्त आपलं नाव लपवायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. त्याशिवाय हिंदुस्थानात बनलेल्या वस्तूवर परदेशाचं नाव टाकणं म्हणजे सरळ खोटं बोलणं होतं, आणि त्यासाठी तर त्यांनी झांझिबारची वकिली सोडली होती.

सौदा मोडला, चाकूंचा धंदा गुंडाळावा लागला. कामांचे तीन हजार डोक्यावर तसेच राहिले.

त्यानंतर एक दिवस त्यांच्या वाचनात पेपरमधली एक बातमी आली. मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या आणि लोकांनी घरं नीट बंद करावीत, असा पोलिसांचा इशारा होता. हा काळ मुंबईसाठी फार वाईट होता. 1896 मध्ये शहरात प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक घरंदारं बंद करून मुंबई सोडून गेले.

अर्देशीर यांच्या डोक्यात कुलूप बसलं ते इथून.

तेव्हा देशी कुलपं हाताने बनायची. ती मजबूत नव्हती आणि उघडायला तर फारच सोपी होती. चांगलं कुलूप हवं तर विलायती घ्यावं लागायचं, ते सामान्य माणसाला परवडायचं नाही. अर्देशीर पुन्हा कामांकडे गेले. पहिलं कर्ज फिटलं नव्हतं, तरी कामांनी पुन्हा पैसे दिले.

7 मे 1897 रोजी लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी, अवघ्या 215 चौरस फुटांच्या एका शेडमध्ये काम सुरू झालं. आजच्या वन बीएचके फ्लॅटपेक्षाही लहान जागा. त्यात मूठभर कारागीर आणि अर्देशीर.

कुलूप बनवणं म्हणजे लोखंडाचा गोळा जोडणं नव्हे. चांगल्या कुलपाच्या आत पितळेच्या किंवा पोलादाच्या पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. किल्ली फिरवली की तिचा एकेक दाता एकेक लिव्हर उचलतो. प्रत्येक लिव्हर अगदी ठरलेल्या उंचीवरच यावा लागतो. एक जरी केसभर वर किंवा खाली राहिला तरी खिट्टी सरकत नाही. 1778 मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने ही युक्ती काढली. 1818 मध्ये जेरेमाया चब याने तिच्यात भर घातली. कोणी चुकीच्या किल्लीने किंवा तारेने खटपट केली, लिव्हर जास्त उचलला गेला, की कुलूप अडकून बसायचं. मालक आला की त्याला लगेच कळायचं, कोणीतरी हात घातला होता.

पण चोरही शहाणे होत होते. 1851 मध्ये लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात अमेरिकेच्या आल्फ्रेड हॉब्जने चबचं कुलूप उघडून दाखवलं. मग साठ वर्षांहून जास्त काळ अभेद्य समजलं गेलेलं ब्रामाचं कुलूप घेतलं, त्यावर 16 दिवसांत मिळून 51 तास घालवले आणि तेही उघडलं. कुठलंच कुलूप कायमचं सुरक्षित नसतं, चोराचा वेळ खाणं एवढंच त्याच्या हातात असतं, हे त्या दिवशी साऱ्या जगाला कळलं.

अर्देशीर यांना हे ज्ञान आयतं मिळालं होतं, पण त्यांनी नुसती नक्कल केली नाही. अँकर नावाने त्यांची पहिली कुलपं बाजारात आली, तीही हमीसकट. मग त्यांनी गॉर्डियन नावाचं कुलूप काढलं. त्याला दोन किल्ल्या. पहिली किल्ली चोराच्या हाती लागली असा संशय आला की मालकाने दुसरी किल्ली फिरवायची. आतली रचना बदलायची आणि पहिली किल्ली निकामी व्हायची. कुलूप बदलायचा खर्च नाही, सुताराला बोलवायची गरज नाही. डिटेक्टर कुलूपही त्यांनी बनवलं. चुकीची किल्ली लागली की ते अडकायचं आणि खऱ्या किल्लीनेच पूर्ववत व्हायचं.

पण त्यांचं सगळ्यात डोकेबाज काम वेगळंच आहे, आणि चाकूच्या शौकिनांना ते लगेच कळेल.

घडीचे चाकू जमवणारे लोक आजही तासन्‌तास एकाच गोष्टीवर वाद घालतात. पातं उघडल्यावर ते धरून कशाने ठेवायचं? बहुतेक चाकूंमध्ये हे काम स्प्रिंग करते. कुठं पाठीमागची पोलादी पट्टी पात्याच्या खाचेत बसते, कुठं मुठीतली पातळ पट्टी आडवी येते. नवीन असताना खटका झकास वाजतो. पण वापरून वापरून स्प्रिंग ढिली पडली, तिच्यात कचरा किंवा गंज शिरला की पातं हलायला लागतं, आणि हलणारं पातं कधी बोटावर मिटेल याचा नेम नाही.

कुलपाचंही तसंच. प्रत्येक लिव्हरला खाली दाबून धरायला एक बारीक स्प्रिंग असते. बाहेरून कुलूप टणटणीत दिसतं, पण आतली स्प्रिंग थकली किंवा तुटली की ते एक तर उघडत नाही, नाहीतर कशानेही उघडतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर हे ठरलेलंच.

अर्देशीर यांनी विचार केला तो असा की जो भाग आधी मरतो तो भागच काढून टाकला तर? त्यातून बिनस्प्रिंगचं कुलूप तयार झालं. 1909 च्या सुमारास त्याचं पेटंट घेण्यात आलं.

तिकडे फ्रान्सच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने 1890 मध्ये शेतकऱ्यांसाठी एक साधा घडीचा चाकू बनवला होता. त्याने 1909 मध्येच मुकुट आणि हाताचा पंजा असं चिन्ह नोंदवून पात्यावर ठोकायला सुरुवात केली. पुढे 1955 मध्ये त्या चाकूला फिरवायची एक पोलादी कडी आली. कडी फिरवली की पातं पक्कं. स्प्रिंग नाही, खटका नाही. आज तो चाकू जगभर ओळखला जातो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण वाट एकच होती. नाजूक भाग कमी करायचे आणि मालावर आपली खूण अभिमानाने ठोकायची.

दरम्यान 1902 मध्ये अर्देशीर यांची तिजोरी बाजारात आली. तिजोरीला दोन शत्रू, चोर आणि आग. जितके सांधे जास्त तितक्या पहार घालायच्या जागा जास्त, म्हणून त्यांनी एकाच पोलादी पत्र्याला वाकवून तिजोरीचा सांगाडा बनवला.

हा काळ खान्देशाच्याही बदलाचा होता. 1906 मध्ये मोठ्या खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खान्देशचं ठाणं जळगाव आणि पश्चिमचं धुळे. रेल्वे आली होती, कापसाचा व्यापार फोफावला होता. कापूस विकून आलेला पैसा आणि त्यातून घेतलेलं सोनं जमिनीत पुरून ठेवायचे दिवस मागे पडत होते. अशा गावांना तिजोरी हवी होती.

त्याच सुमाराला अर्देशीर यांचे धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले. अर्देशीर यांचं डोकं नव्या वस्तूंमध्ये, पिरोजशांचं कारखाना वाढवण्यात, अशी जोडी जमली. 1911 मध्ये राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्या मौल्यवान वस्तूंसाठी गोदरेजची तिजोरी वापरली गेली. देशी चाकू कुणी हातात धरणार नाही असं ऐकवलं गेलं, त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

मग प्रश्न येतो की कंपनीच्या नावातले बॉईस कोण?

तर मेरवानजी कामा म्हातारे होऊन अंथरुणाला खिळले, तेव्हा अर्देशीर त्यांचे पैसे परत करायला गेले. कामांनी पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी आपला पुतण्या बॉईस याला धंद्यात सोबत घ्यावं, एवढी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. अर्देशीर यांनी ती पाळली आणि कंपनी झाली गोदरेज अँड बॉईस. बॉईस काही फार काळ टिकले नाहीत, ते बाहेर पडले. पण ज्या माणसाने दोनदा भरवसा टाकला त्याची आठवण म्हणून नाव आजतागायत तसंच आहे.

कुलपावर पोट भरत होतं, तरी अर्देशीर गप्प बसले नाहीत. तेव्हाच्या साबणांमध्ये जनावरांची चरबी असायची आणि अनेकांना ती चालायची नाही. त्यांनी वनस्पती तेलापासून साबण बनवायचं ठरवलं आणि 1918 मध्ये पहिला साबण आला. त्याचं नाव होतं चावी. कुलूपवाल्याने साबणालाही नाव दिलं ते किल्लीचंच. पुढे खान्देशानेही असाच धंदा पाहिला. 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तेलाची एक कंपनी निघाली, तीही साबण बनवायची. तीच पुढे विप्रो झाली.

अंघोळीच्या साबणाचा किस्सा तर भन्नाट आहे. त्यांनी आधी नंबर दोन नावाचा साबण काढला आणि नंबर एक नंतर. का, तर दोन नंबरचा इतका चांगला आहे म्हटल्यावर एक नंबरचा कसा असेल, याची लोकांना उत्सुकता लागावी.

राजकारणाच्या बाबतीत अर्देशीर पक्के राष्ट्रवादी होते. दादाभाई नौरोजींचे विचार त्यांना पटायचे. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी तीन लाख रुपये दिले. पंचवीस वर्षांपूर्वी तीन हजारांसाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला हा माणूस.

पण स्वदेशीच्या नावाखाली काहीही खपवायला त्यांचा सक्त विरोध होता. माल देशी आहे म्हणून तो कमअस्सल असला तरी लोकांनी घ्यावा, हा युक्तिवाद त्यांना मान्यच नव्हता. यावरून ते स्वदेशीच्या पुढाऱ्यांवर टीकाही करायचे. देशी शिक्का मारायचा तर कुलूप विलायती कुलपाच्या तोडीचं हवं, हा त्यांचा हिशोब.

हे बोलणं अनेकांना रुचलं नाही. पण बघायला गेलं तर चाकूच्या वेळी व्यापाऱ्याशी भांडताना आणि आता पुढाऱ्यांशी वाद घालताना माणूस एकच गोष्ट सांगत होता. आपलं नाव लपवायचं नाही आणि आपल्या नावामागे लपायचंही नाही.

1923 मध्ये कंपनीने पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली. घराघरात गोदरेज हा शब्द पोहोचला तो यामुळे. आणि नाव असं घरोघरी जाऊ लागलं असताना, 1928 मध्ये, अर्देशीर यांनी सगळा कारभार पिरोजशांच्या हाती सोपवला आणि ते नाशिकला जाऊन शेती करू लागले. मूलबाळ नव्हतं, हाव तर कधीच नव्हती.

जानेवारी 1936 मध्ये अर्देशीर यांचं निधन झालं. त्याच वर्षाच्या शेवटी जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं आणि तिथं गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन खुलं केलं. देशी माल कसा असावा हा वाद तेव्हाही चालूच होता.

पुढे 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं आणि आसपासचा परिसर बेचिराख झाला. त्या आगीतून बाहेर काढलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्या उघडल्या तेव्हा आतला ऐवज शाबूत निघाला. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा लाखो पोलादी मतपेट्या याच कंपनीने विक्रोळीच्या कारखान्यात बनवल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळं कुलूप लावणं महाग पडत होतं, म्हणून पेटीच्या आतच बसणारी कडी तयार करण्यात आली.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या कपाटाची किल्ली फिरवताना दारावरचं नाव एकदा बघा. चाकूवर परदेशाचं नाव टाकून धंदा चालू ठेवला असता, तर तिथं आज दुसरंच काहीतरी लिहिलेलं असतं.